जसं बांधलं तसं

आप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि चौथ्याच दिवशी खालच्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली. प्लंबर आला. भिंतीवर हात फिरवून, दोन ठिकाणी टकटक करून म्हणाला, "पाईप इथूनच गेला असंल. फोडून बघावं लागंल." त्याने ड्रिल बाहेर काढलं तशी आई कॉटवरून ओरडली, "थांब रे बाबा. दाराच्या मागं नकाशा आहे."

लोकांच्या घरी दारामागे कॅलेंडर असतं. आमच्याकडे प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला ट्रेसिंग पेपर आहे. त्यावर अख्ख्या घराच्या पोटातलं सगळं काढलेलं आहे. निळ्या शाईत पाणी, लालमध्ये वीज, हिरव्यात सांडपाणी. प्लंबरने बोट ठेवत ठेवत वाचलं: "न्हाणी, पश्चिम भिंत. जमिनीपासून २ फूट ४ इंच. ठरलं होतं २ फूट. गवंड्याने परस्पर बदललं, मी गावी गेलो होतो." त्याने टेप लावला, २ फूट ४ इंचांवर खूण केली, तळहाताएवढी भिंत फोडली. पाईपचा गळका एल्बो बरोबर समोर. "कुणी काढलाय हो हा?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "घरमालकानं."

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आहे. तीत आप्पांचं नाव, हुद्दा (सुभेदार, निवृत्त), तारीख, आणि वर ठसठशीत अक्षरात मथळा: "जसं बांधलं तसं".

फौजेच्या इंजिनिअरिंगमध्ये कामाचे दोन नकाशे असतात, हे मला शाळेत असतानाच माहीत झालं होतं. एक काम सुरू करण्याआधीचा. दुसरा काम संपल्यावरचा, ज्याला आप्पा ॲज-बिल्ट म्हणायचे. ठरलेला खांब सहा इंच सरकला, खाली खडक लागला म्हणून पाईप वळवावा लागला, कुणाच्या तरी चुकीने खिडकी बुटकी झाली, हे सगळं दुसऱ्या नकाशात खरं खरं यायला हवं. "दुरुस्तीला येणारा माणूस पहिल्या नकाशावर भरवसा ठेवून आला तर मेला," असं ते म्हणायचे. आमच्या घरी मरण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांची बोलण्याची रीत ती.

तेराव्याला आलेले लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. शिस्तीचा माणूस, देशसेवा केली, कुटुंबवत्सल. एकही शब्द खोटा नाही. पण तो पहिला नकाशा झाला. मला दुसरा काढायचा आहे.

आप्पा माण तालुक्यातले. पाऊस कमी, ज्वारी-बाजरी जेमतेम, आणि घरटी एक माणूस एक तर मुंबईत नाही तर फौजेत. जुनी अकरावी मॅट्रिक होऊन १९६६ साली ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे फौजेचा इंजिनिअर: पूल बांधणारा, रस्ता काढणारा, सुरुंग पेरणारा आणि काढणारा. लढणाऱ्यांच्या आधी जायचं आणि त्यांच्या मागून परतायचं, असं त्या कामाचं वर्णन आप्पांनी केलं होतं, तेही बस उशिरा आल्याची तक्रार करावी तशा सुरात. रंगरूट असताना उस्तादांनी त्यांना रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली होती. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता, पुढे सुरुंग आणि पाडून टाकलेली झाडं, मागे खोळंबलेले रणगाडे. स्वतः जखमी झालेले राणे दिवसरात्र रस्ता मोकळा करत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. राणे आपल्याच बॉम्बे सॅपर्सचे, कारवारकडचे. आप्पांना स्वतःच्या नोकरीबद्दल फारसं सांगता यायचं नाही, राण्यांबद्दल मात्र तासभर बोलत.

१९७१ मध्ये ते पश्चिम आघाडीवर होते. पश्चिमी स्टार नावाचं मेडल होतं त्यांच्याकडे, एका डबीत, आईच्या जुन्या बांगड्यांबरोबर. त्या लढाईबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण त्यांनी खुरपं चालवताना मी पाहिलेलं आहे. परसात मेथी, कोथिंबीर, चार वांगी लावायचे. खुरपं जमिनीत सरळ कधीच घालायचे नाहीत. तिरपं, अगदी पसरट, हळू सरकवत. लहानपणी वाटायचं, मुळं तुटू नयेत म्हणून. पुढे कधीतरी ते भावाला सांगत होते तेव्हा कळलं, की सुरुंग शोधताना पालथं पडून सळई जमिनीत तिरपीच घालायची असते. सरळ खुपसली तर ती सुरुंगाच्या डोक्यावर दाब देते. तिरपी घातली तर कुशीला लागते आणि नुसतं "काहीतरी आहे" एवढं हाताला कळतं. मग बोटांनी माती बाजूला करायची. ते शिकलेले हात पन्नास वर्षांनंतरही मेथीच्या वाफ्यात तसेच चालत होते. आई म्हणायची, "अहो, मेथी उपटताय का सुरुंग?" ते मान वर न करता म्हणायचे, "दोन्ही."

पावसाळ्यात गावी ओल्या बांधावरून जाताना आम्हाला त्यांच्याच पावलांत पाऊल टाकून चालायला लावायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा. त्यांची ढांग लांब असल्यामुळे आम्ही उड्या मारत जायचो.

लग्न १९७४ चं. मी जन्मले १९७६ ला, तेव्हा ते अरुणाचलात, तवांगच्या रस्त्याच्या कामावर होते. पत्त्यावर गाव नाही, जिल्हा नाही, फक्त नंबर, नाव आणि "मार्फत ९९ एपीओ", म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सात महिन्यांची होते आणि त्यांना पाहून भोकाड पसरलं. आजी सांगायची, दोन दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ घेण्याचा नाद सोडला, खिशातून इंची टेप काढला आणि लांबूनच माझ्यासमोर सोडून-गुंडाळून, सोडून-गुंडाळून दाखवत बसले. मी रांगत टेपकडे गेले. जुन्या घराच्या चौकटीवर सगळ्यात खालची खूण आहे, २६ इंच. मला उभं कुणी धरलं होतं आणि खूण कुणी केली, यावर आई आणि आजीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

त्यानंतर दर इनलँड पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली: "पोरांची उंची कळव." आईने महिन्याच्या एक तारखेला आम्हाला चौकटीपाशी उभं करायचं, मोजायचं आणि लिहून पाठवायचं. माझा भाऊ १९७९ चा, तोही या हजेरीत आला. एकदा सुगीच्या गडबडीत आईने आकडा अंदाजाने लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "एका महिन्यात दीड इंच वाढणे शक्य नाही. पुन्हा मोज." आईने ते पत्र अजून ठेवलंय. वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी मिळायची, बाकीचे दहा महिने हा माणूस आम्हाला इंचात बघत होता.

एका दिवाळीला ते सुट्टीवर आले तेव्हा आम्ही किल्ला करत होतो. त्यांनी शिवाजी महाराजांना हात लावला नाही, मावळ्यांनाही नाही. खंदक मात्र त्यांना आवडला. आइस्क्रीमच्या काड्या गोळा करून त्यांनी त्यावर बेली ब्रिज घातला. बेली ब्रिज त्यांचा जीव होता. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज माणसाने काढलेला हा पूल. लोखंडी चौकटी, एकेक दहा फूट लांब, पाच फूट उंच, अडीचशे किलोच्या वर वजन. सहा माणसं एक चौकट उचलतात, एकीला दुसरी जोडतात आणि जाड पिना ठोकतात. क्रेन लागत नाही. पलीकडच्या काठावर माणूस लागत नाही. अलीकडच्याच काठावर रोलरांवर पूल जोडायचा आणि ढकलायचा. "पण मग तो पाण्यात पडत नाही का?" भावाने विचारलं.

आप्पांनी घरातून पट्टी आणली. ओट्याच्या कडेवरून पुढे सरकवत नेली, अर्धी बाहेर गेल्यावर ती पडली. मग पट्टीच्या मागच्या टोकावर वातीचं बोळकं ठेवलं आणि पुन्हा सरकवली. या वेळी अर्ध्याच्या पुष्कळ पुढे गेली तरी पडेना. "पुढचं टोक हलकं ठेवायचं. त्याला नाक म्हणतात. त्यावर फळ्या नाही, काही नाही, नुसता सांगाडा. वजन सगळं मागं. नाक पलीकडं टेकलं की पुढचं सोपं." भावाने तो प्रयोग पुढे आजीच्या चष्म्यावर केला. त्याचं काय झालं ते इथे सांगत नाही.

आता चुकीच्या नोंदी.

आजी १९८१ च्या जानेवारीत गेली. तार केली. वर बर्फ पडून रस्ता बंद होता आणि आप्पा पोचले ते एकोणिसाव्या दिवशी. आले, फोटोला नमस्कार केला, चहा घेतला, आणि गोठ्याच्या छपरावर चढून वासे बदलायला लागले. संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. आईने त्या एकोणीस दिवसांत आजीचं सगळं एकटीने केलं होतं, शिवाय आम्ही दोघं. तिला त्यांनी समोर बसायला हवं होतं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला वाटतं, तिने त्यांना त्याबद्दल कधीच पूर्ण माफ केलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या दहाव्याला ती मला म्हणाली, "त्या वेळी छपरावर रडत होते का, ते मला कळलंच नाही बघ. खालनं दिसत नव्हतं."

दुसरी चूक माझ्या वाट्याची. १९९२ ला मी दहावी झाले. गणितात चांगले मार्क होते आणि मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. मला तो का करायचा होता, हे सांगायची गरज आहे का? त्यांचं पत्र आलं, नेहमीच्या टापटीप अक्षरात: "साईट मुलींसाठी नाही. मी पाहिलेली आहे." मी कॉमर्स केलं. पुढे बँकेत लागले, आणि योगायोग बघा, गृहकर्जाच्या टेबलवर. वीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे माझ्यासमोर येताहेत, पहिले नकाशे, सगळे सुंदर. त्या पत्रावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक थकून झोपलेले होते आणि चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. तोवर आप्पा पुण्यात, नोकरीचं शेवटचं वर्ष. मदतीसाठी गेलेल्या तुकडीत तेही गेले. लातूर आणि उस्मानाबादच्या गावांमधून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. ते परत आले ते बरेच दिवस गप्प होते, आणि बोलले तेव्हा भिंतींबद्दल बोलले. तिकडची घरं म्हणजे दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर घातलेली मातीची जड धाबी. भिंत बाहेरून एक दिसते, पण ती असते दोन. बाहेरच्या दगडांची एक, आतल्या दगडांची एक, मधे भर. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्याला एक भिंत बाहेर पडते, दुसरी आत, आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर. "उन्हाळ्यात गार राहावं म्हणून माणसानं वर माती घातली," एवढंच ते म्हणाले.

त्याच दिवाळीत ते गावी गेले. आमचं जुनं घरही तसंच, दगड-मातीचं. चुलत्यांचं कुटुंब तिथे राहायचं. आप्पांनी भिंतीत ठिकठिकाणी भोकं पाडून आरपार लांब दगड बसवून घेतले, वरची माती निम्मी उतरवली. चुलते वैतागले होते, घर उन्हाळ्यात तापायला लागलं म्हणून. ते अजून वैतागलेले आहेत.

१९९४ ला अठ्ठावीस वर्षं पुरी होऊन ते निवृत्त झाले, वय सत्तेचाळीस. पुण्याजवळ दिघीला एक गुंठा जागा घेतली होती, म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. तिच्यावर घर. किल्लारी त्यांच्या डोक्यात होतीच. कॉलम होतेच, वर दार-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना धरणारा सलग पट्टा. ठेकेदार हसला, एवढ्याशा घराला एवढं लोखंड! आप्पांनी त्याला काही सांगितलं नाही. जोत्याची आखणी त्यांनी स्वतः केली, तीन-चार-पाचच्या दोरीने. तीन, चार आणि पाच फुटांच्या बाजू होतील अशा दोरीला गाठी मारून त्रिकोण ताणला की कोपरा बरोबर काटकोन. मी एका गाठीला, भाऊ दुसऱ्या गाठीला, आप्पा तिसऱ्याला. "ओढू नका. धरा. ओढणं वेगळं, धरणं वेगळं." विटा आदल्या रात्री हौदात. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत, नाही तर कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते.

स्लॅबच्या दिवशी भांडण झालं. गवंड्याला माल पातळ हवा, म्हणजे पटकन पसरतो. आप्पा बादली घेऊन मिक्सरपाशी उभे. पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटर, फार तर अजून दोन. एक मजूर गुपचूप डबा ओततोय हे त्यांनी पाहिलं आणि अख्खा घाणा टाकून द्यायला लावला. आई नारळ हातात घेऊन ताटकळलेली. त्यानंतर एकवीस दिवस पाणी मारायचं काम माझं आणि भावाचं. मे महिना होता. स्लॅबवर मातीचे छोटे वाफे करून त्यात पाणी साठवायचं. सकाळी आणि संध्याकाळी. एकदा आम्ही सिनेमाला गेलो आणि संध्याकाळचं पाणी चुकलं, तर रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन तिघंही वर. ते रागावले नाहीत. बादल्या त्यांनीच जास्त आणल्या.

आणि इतकं सगळं करून जिना चुकला.

जिन्याला अठरा पायऱ्या. नऊ चढलं की लँडिंग, तिथे वळायचं, पुन्हा नऊ. पायऱ्यांना पातळ कडप्पा, पण लँडिंगला ऐनवेळी जाड फरशी स्वस्तात मिळाली ती बसवली. त्या जाडीचा हिशेब धरायचा राहिला. त्यामुळे लँडिंगवर चढणारी नववी पायरी पाऊण इंच उंच झाली आणि तिच्यानंतरची दहावी तेवढीच बुटकी. पाऊण इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पाय आठ पायऱ्यांत माप शिकतो आणि नवव्या वेळी बघत नाही. घरी येणारा प्रत्येक माणूस तिथे अडखळतो. माझा नवरा मला बघायला आला तेव्हा अडखळला. नकाशावर लाल गोल आहे आणि शेजारी: "पायरी ९, पाऊण इंच जास्त. पायरी १०, पाऊण इंच कमी. फरशीची जाडी धरली नाही. चूक माझी."

ती फोडून नीट करू, असं ते दर पावसाळ्याआधी म्हणायचे. आधी पैसे नव्हते, मग वेळ नव्हता, मग सगळ्यांच्या पायांना सवय झाली. माझी मुलगी आकडे शिकली ती त्या जिन्यावर. "सात, आठ, मोठ्ठी, छोटी, अकरा." बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं होतं मला.

निवृत्तीनंतरचा माणूस मला जास्त माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला सांगितलं, "लग्नाला वीस वर्षं झाली, वीस वर्षं सकाळचा चहा तू केलास. आता वीस वर्षं मी." रोज पहाटे पावणेपाचला भांड्याचा आवाज. लग्नकार्य असो, ताप असो. २०१४ साली एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "हिशेब फिटला." आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला भांडं वाजलं. आईने आतून विचारलं, "आता कशाला?" ते म्हणाले, "व्याज."

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी तारीख दिली आणि आप्पांनी उतार बांधायला घेतला. एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, याहून खडा उतार चाकाच्या खुर्चीला नको. जोतं दीड फूट, म्हणून अठरा फूट. एक गुंठ्यात अठरा फूट सरळ कुठून येणार? त्यांनी तो घराच्या कोपऱ्यातून वळवला, तुळशीला तीन फूट सरकवून. तुळस हलवल्यावर आई नाराज होती. ऑपरेशननंतर महिनाभराने ती उतारावरून एकटी चालत तुळशीपाशी गेली, आणि आप्पा मागून कठड्याचा एक स्क्रू आवळत होते, जो आवळायची अजिबात गरज नव्हती.

२०१९ मध्ये माझ्या मुलीने सिव्हिलला प्रवेश घेतला. आप्पांनी तिला त्यांची त्रिकोणी स्केल दिली, दापोडीच्या मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजात कोर्स करतानाची, कडा पिवळ्या पडलेली. मी स्वयंपाकघरात होते, ते दोघं बाहेर. ते तिला सांगत होते, "तुझ्या आईच्या वेळी मी चुकलो. तिला सांगू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "तिला ठाऊक आहे." मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले. पोळी करपली.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीत, एके दिवशी पावणेपाचला भांडं वाजलं नाही. आई खाली झोपायची, ते वरच्या खोलीत. साडेपाचला तिने हाक मारली, मग शेजारच्या पोराला वर पाठवलं. झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. शहात्तर वर्षांचं वय.

मी आणि भाऊ पोचलो तोवर गल्लीतले सगळे पेन्शनर जमले होते, काहींच्या डोक्यावर फौजी बेरे टोप्या. त्यांना खाली आणायचं होतं. चादरीत घेतलं, सहा जणांनी. सहाच जण, हे माझ्या नंतर लक्षात आलं. वरच्या नऊ पायऱ्या नीट उतरले. लँडिंगला वळताना फार अडचण झाली, जागाच नाही, पुढच्यांना थांबून तिरपं व्हावं लागलं. आणि पुढचा माणूस लँडिंगवरून पाय खाली टाकणार तेवढ्यात भाऊ मागून ओरडला, "नववी! नववी पायरी, सांभाळून!" बाहेरच्या माणसांना काही कळलं नाही. आई खालून म्हणाली, "हळू."

तेराव्यानंतर त्यांची फाईल उघडली. "मी गेल्यावर" अशी चिठ्ठी लावलेली, आत पेन्शनची कागदपत्रं, आईच्या फॅमिली पेन्शनसाठी काय काय न्यायचं, कोणत्या कागदावर तिचं नाव माहेरचं पडलं आहे आणि त्याची दुरुस्ती कुठे जोडली आहे, सगळं क्रमाने. पहिल्या पानावर सूचना.

"१. आईला चहा द्या. मग फोन करत बसा.

२. तिरडी वर बांधू नका. लँडिंगला रुंदी ३ फूट २ इंच, वळणार नाही. खुर्चीवर बसवून खाली आणा, मग बांधा.

३. पायरी ९."

तिसऱ्याच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं. भावाने ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाला, "खुर्चीचं डोक्यात यायला हवं होतं." मग फाईल माझ्याकडे देऊन गच्चीवर टाकी बघायला गेला. टाकीला काहीही झालेलं नव्हतं.

तर परवा एल्बो बदलला. प्लंबरने जुन्याच्या जागी नवा बसवताना पाईप जरा वर घेतला, दोन इंच. भिंत बंद करण्याआधी आईने मला फोन करून बोलावून घेतलं. बँकेतून अर्धी रजा टाकून गेले. नकाशा कव्हरातून काढला, टेबलावर पसरला, निळं पेन शोधलं. मुलीकडून ती त्रिकोणी स्केल आणली होती. जुनी रेघ खोडली नाही, तिच्यावर दोन बारीक काट मारले, आप्पा मारायचे तसे, आणि नवी ओढली: २ फूट ६ इंच. माझी रेघ शेवटाला जरा जाड झाली आणि अक्षर तर त्यांच्यासारखं येतच नाही, सगळी अक्षरं उजवीकडे कलतात.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तारीख टाकलीस का?"